फेलोशिपचा चुकारा

आमच्याकडे कापूस मोजून दिला की वजनाची चिठ्ठी लगेच हातात पडते. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी मिळेल, हे मात्र त्या दिवशी कोणी सांगत नाही. २०२० च्या डिसेंबरअखेर मी शेतातल्या विहिरीच्या काठावर उभी होते, कारण मोबाइलला रेंज तिथेच येते. निकालाच्या यादीत माझा रोल नंबर दिसला आणि मी ओरडले, “आप्पा, जेआरएफ लागली!” आप्पांनी वेचणीची झोळी खांद्यावरून उतरवली. पीएच.डी.चं संशोधन करायला मिळणारी कनिष्ठ फेलोशिप, महिना एकतीस हजार, पाच वर्षांपर्यंत, हे मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चुकारा कव्हय भेटी?”

तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एवढा मोठा आनंद, आणि ह्यांना पैशांची तारीख हवी! पुढच्या चार वर्षांत कळलं, की आप्पांचाच प्रश्न सगळ्यांत नेमका होता. जीववैद्यकीय संशोधन करू पाहणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, ते त्या प्रश्नाचं उत्तर मला कसं आणि किती उशिरा मिळालं ते सांगण्यासाठी.

मी अमळनेर तालुक्यातली. बीएस्सी, एमएस्सी जळगाव जिल्ह्यातच केलं, सूक्ष्मजीवशास्त्रात. शिकवणारे चांगले होते, पण फेलोशिप हा शब्द वर्गात क्वचितच निघायचा. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला दिवाळीच्या सुट्टीत एका सीनियर ताईने फोन करून सांगितलं, की देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करायची फेलोशिप देतात, अर्ज नोव्हेंबरअखेरपर्यंत. तो फोन आला नसता तर मी आज इथे नसते, हे मी अगदी विचार करून लिहितेय. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा एक मायक्रोपिपेट, थेंबाहून कमी द्रव मोजून उचलणारं हातातलं उपकरण, दिवसभर माझ्या एकटीच्या हातात होती. कॉलेजात आठ जणींत एक असायची. पहिल्या आठवड्यात अंगठा दुखून आला, आणि तरी संध्याकाळी टेबल सोडवत नव्हतं. परतताना ठरवलं, की हेच करायचं.

मग नेट, म्हणजे जेआरएफ आणि सहायक प्राध्यापकपद या दोन्हींसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. सीएसआयआर ही केंद्राची संशोधन परिषद आणि यूजीसी हा विद्यापीठ अनुदान आयोग, यांच्या जीवशास्त्राच्या पेपरला २०० गुण असतात. अ भागात २० पैकी १५ प्रश्न, ब मध्ये ५० पैकी ३५ आणि क मध्ये ७५ पैकी २५ सोडवायचे. क मधला प्रत्येक प्रश्न चार गुणांचा, आणि चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. डिसेंबर २०१९ मध्ये मी क मधले चोवीस सोडवून आले, उत्साहाच्या भरात. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता तेवढी मिळाली, जेआरएफ हुकली. पुढची जूनची परीक्षा कोरोनामुळे लांबत लांबत नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. गाड्या नीट सुरू नव्हत्या. धुळ्याहून एसटीने नाशिकला गेले, आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. या वेळी क भागात फक्त सोळा प्रश्न सोडवले. ज्याची आकृती डोळ्यांसमोर उभी राहते तोच प्रश्न हातात घ्यायचा, एवढाच नियम ठेवला होता. बाकीचे नऊ तसेच सोडून उठताना जीव तुटत होता. पण जेआरएफ त्या सोडून दिलेल्या प्रश्नांनीच दिली, असं मला वाटतं.

नेट हा काही एकच रस्ता नाही, हे मला उशिरा कळलं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेची स्वतःची जेआरएफ परीक्षा आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची वेगळी आहे. विद्यापीठात पहिला क्रमांक आलेल्यांना केंद्राच्या इन्स्पायर फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. माझ्या मैत्रिणीला तो नियम माहीत झाला तोवर मुदत उलटून गेली होती. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएच.डी. करणाऱ्यांना फेलोशिप देतात. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची अनुसूचित जमातींसाठी वर्षाला ७५० जणांना राष्ट्रीय फेलोशिप आहे. नंदुरबार-धुळ्याच्या मुलांनी ही शेवटची तर तोंडपाठच ठेवावी.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

जेआरएफचं पत्र हातात आलं म्हणजे पैसे सुरू झाले, असा माझा समज होता. आधी गाइड मिळायला हवा, मग पीएच.डी.ला प्रवेश, मग रुजू झाल्याचा अहवाल, हमीपत्रं, बँकेचा तपशील. मी २०२१ मध्ये रुजू झाले. माझी फेलोशिप यूजीसीच्या वाट्याची होती, आणि तिचा पैसा तेव्हा कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून यायचा. त्या पोर्टलवर संस्थेतली दोन माणसं असायची: एक ‘मेकर’, म्हणजे माहिती भरणारा, आणि दुसरा ‘चेकर’, म्हणजे ती तपासून पुढे पाठवणारा. दर महिन्याला विद्यार्थी हजर आहे, काम करतो आहे, अशी खात्री या दोघांनी दिली की मगच रक्कम पुढे सरकायची. कुठल्याही संशोधन केंद्रात पाऊल ठेवाल तेव्हा या दोन माणसांची नावं पहिल्या दिवशी विचारून घ्या. मी हे विचारलं चौथ्या महिन्यात.

कोणत्या संस्थेत हे घडलं ते लिहीत नाही, कारण असं थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी घडतं. चेकर असलेल्या साहेबांची बदली झाली होती आणि नव्या साहेबांच्या नावाने लॉगिनच तयार झालेलं नव्हतं. मेकर असलेले नाना स्वभावाने फार चांगले. मी गेले की चहा सांगायचे, स्क्रीन माझ्याकडे वळवायचे. स्क्रीनवर माझं नाव, पुढे पिवळ्या पट्टीत ‘प्रलंबित’. “माझ्याकडून कधीच झालंय बाई,” ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मी दर सोमवारी जायचे. त्या खोलीतल्या कूलरच्या जाळीला किती ठिगळं होती ते मला आजही सांगता येईल.

असे सात महिने गेले.

खोलीचं भाडं अठराशे, मेस बावीसशे. फेलोशिप घेताना दुसरी पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे शिकवण्या घ्यायचा प्रश्नच नव्हता. ज्या फेलोशिपसाठी ती बंदी होती तिचा रुपया मात्र आलेला नव्हता. मावशीने तीस हजार दिले. आईने बचत गटातून वीस हजार उचलले, महिना दोन टक्क्यांनी. आईने कर्ज काढल्याचं मला सांगितलंच नव्हतं. गटाच्या वहीत तिचा अंगठा पाहिला तेव्हा कळलं. त्या रात्री मी पीएच.डी. सोडायचा विचार केला. मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या घरातली मुलगी हे सात महिने बापाच्या पगारावर काढते. आमच्याकडे कापूस विकला तरच पैसा, आणि तो विकायला अजून चार महिने होते. हुशारीत आमची पोरं कमी नाहीत. ती गळतात ती या मधल्या महिन्यांत, आणि मग लोक म्हणतात की खेड्यातल्या मुलांना संशोधनाची आवड नसते. हे ऐकलं की मला फार त्रास होतो.

शेवटी आमच्या गाइड मॅडमनी एक काम केलं. माझी तक्रार न करता त्यांनी सगळ्या अडकलेल्या विद्यार्थ्यांची एक यादी केली. आम्ही अकरा जण निघालो! यादीत प्रत्येकाची रुजू तारीख, थकलेले महिने आणि नेमकं कुठे अडलंय हे एका ओळीत लिहिलं आणि ती वरच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. बारा दिवसांत नव्या चेकरचं लॉगिन झालं. एकेकट्याने सोमवारी चहा पिऊन परतण्यापेक्षा आम्ही अकरा जणांनी पहिल्याच महिन्यात एकमेकांना विचारलं असतं तर? पण कोणीच कोणाला पैशांचं बोलत नव्हतं, लाजेपायी.

थकबाकी एकदम जमा झाली. दोन लाख सतरा हजार, घरभाडं वेगळं. मेसेज आला तेव्हा मी सेंट्रिफ्यूजसमोर होते. पहिला फोन आप्पांना केला. ते एवढंच म्हणाले, “तुन्ही मायनं गटनं कर्ज पहिले फेड.” तसंच केलं.

या सगळ्यात माझं काम काय होतं, तेही सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय हे सोसण्यात अर्थ नव्हता. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. त्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. प्रश्न असा, की दोन्ही पालकांकडून हाच दोष आलेल्या दोन मुलांपैकी एक महिन्यातून दोनदा दुखण्याने तळमळतं आणि दुसरं डोंगर चढून शाळेत जातं. असं का? गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन ज्याच्या रक्तात जास्त शिल्लक राहतं त्याचा आजार सौम्य असतो, हे जगाला माहीत आहे. आमच्या भागातल्या लोकांत ते किती आहे आणि त्यावर आणखी कशाचा परिणाम होतो, हे मी बघते.

धडगावच्या पुढे एका पाड्यावर पहिल्यांदा नमुने घ्यायला गेले, तेव्हा माझ्याकडे मराठीत छापलेलं संमतीपत्र होतं. एका आजीने ते हातात घेतलं, उलटं धरलं, परत दिलं. सोबतच्या आशाताईंनी पावरीत समजावायला सुरुवात केली आणि मी गप्प बसून ऐकत राहिले. ‘जनुक’ या शब्दासाठी त्या बियाण्याचा दाखला देत होत्या: दाणा दिसायला चांगला, पण आतला वाण मागच्या पिढीचाच. माझ्या प्रबंधातलं पहिलं प्रकरण मी त्या दिवसानंतर पुन्हा लिहिलं. जुलै २०२३ मध्ये केंद्राची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. त्यानंतर लोक स्वतःच कार्ड दाखवत पुढे येऊ लागले.

फेलोशिप म्हणजे नुसता पगार नाही, हे समजायलाही मला वेळ लागला. तिच्यासोबत आकस्मिक खर्चाची रक्कम असते, तीत रसायनं, पुस्तकं, छपाई, नमुने आणायचा प्रवास बसतो. एका अँटिबॉडीच्या बोटभर कुपीला तीस-पस्तीस हजार पडतात, तेव्हा ही रक्कम पुरत नाही हे खरं. पण पहिल्या वर्षी मी ती वापरलीच नाही, आणि वर्ष संपल्यावर ती गेली. धडगावच्या सगळ्या फेऱ्या मी खिशातून केल्या होत्या. तिकिटं फेकून दिलेली. आता एसटीचं तिकीटसुद्धा तारीख लिहून वहीत चिकटवते.

दोन वर्षांनी समितीसमोर काम मांडायचं असतं, बाहेरचा एक तज्ज्ञ असतो, आणि मग जेआरएफची एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, होते. माझं हे २०२३ मध्ये झालं. त्याच वर्षी दर वाढले, जेआरएफला एकतीसचे सदतीस हजार आणि एसआरएफला पस्तीसचे बेचाळीस हजार, १ जानेवारीपासून लागू. फरकाची रक्कम पुन्हा उशिरानेच आली, पण तोवर आम्ही शहाणे झालो होतो. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची एक यादी गेली.

शिकण्याच्या संधींबद्दल थोडं. मुंबईला परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत तीन आठवडे राहून मी हिमोग्लोबिन वेगळं करून मोजायची पद्धत शिकले. त्यासाठी कुठली मोठी योजना लागली नाही. मॅडमचं एक पत्र, माझा एक पानाचा अर्ज, ‘मला नेमकं हे शिकायचं आहे’ असं स्पष्ट लिहिलेला. आपली मुलं असं पत्र लिहायला कचरतात. समोरचे लोक हो म्हणतात, पुष्कळदा आनंदाने म्हणतात. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘अवसर’ या लेखन स्पर्धेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी स्वतःचं संशोधन साध्या भाषेत लिहायचं असायचं, शंभर लेखांना दहा-दहा हजार आणि पहिल्याला एक लाख. माझा लेख निवडला गेला नाही. पण तो लिहिताना आशाताईंचं बियाणं मला कागदावर आणता आलं, आणि पुढे परदेशी परिषदेला पाठवलेला सारांश त्यातूनच निघाला.

तो सारांश स्वीकारला गेला, जून २०२४ च्या युरोपातल्या एका परिषदेसाठी. प्रवासखर्चासाठी आपल्याकडे बरीच दारं आहेत: पूर्वीचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, जे त्याच वर्षी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावलं गेलं, शिवाय जैवतंत्रज्ञान विभाग, सीएसआयआर, आयसीएमआर. बऱ्याच परिषदा स्वतःही तरुणांना अनुदान देतात आणि आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्यांची नोंदणी फी कमी करतात. तो चौकोन अर्जात खाली कुठेतरी असतो, तो शोधून खूण करावी. मी दोन्हीकडे अर्ज केला. परिषदेने फी माफ केली आणि एका सरकारी योजनेतून विमानभाडं मंजूर झालं.

इथे पुन्हा आप्पांचा प्रश्न उभा राहिला. मंजूर झालेलं भाडं परत आल्यावर मिळणार होतं, तिकीट आणि बोर्डिंग पास जोडून. तिकीट सरकारने ठरवलेल्या तीन एजंटांपैकीच एकाकडून घ्यायचं. बासष्ट हजार, आणि ते आधी आपण भरायचे. व्हिसासाठी मुंबईला गेले तर बँकेचं पासबुक मागितलं. माझ्या खात्यात दोन महिने शून्य, मग एकदम मोठी रक्कम, पुन्हा दोन महिने काही नाही. खिडकीपलीकडच्या मुलीने विचारलं, “पगार दर महिन्याला का नाही?” मी फेलोशिपचं पत्र, संस्थेचं पत्र, अनुदानाचं पत्र, तीस हजार युरोंच्या वैद्यकीय विम्याचा कागद असं सगळं एकेक पुढे सरकवत गेले. हात थरथरत होते. तिकिटाचे पैसे मॅडमनी स्वतःच्या खात्यातून भरले. मी नको म्हणाले, तर म्हणाल्या, “माझ्या वेळी माझ्या सरांनी भरले होते. तू पुढच्या पोरीचे भर.”

तिथल्या सभागृहात एका दुपारी जनुक-संपादनाच्या उपचारावर भाषण झालं. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली होती. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणारा एक खटका पेशीत बंद करायचा, की ते पुन्हा तयार होऊ लागतं. मी जे पाड्यापाड्यांवर मोजत फिरते, तेच! किंमत बावीस लाख डॉलर. माझ्या डोळ्यांसमोर धडगावचा तो नऊ वर्षांचा मुलगा आला, हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळता येत नाही म्हणून भाकरीच्या घासात घालून खाणारा. ती साधी गोळीसुद्धा तेच हिमोग्लोबिन वाढवायला मदत करते. संध्याकाळी माझ्या पोस्टरसमोर त्या क्षेत्रातल्या दोन संशोधक बाई थांबल्या, वीस मिनिटं विचारत राहिल्या. त्यांपैकी एकीने स्वतःच्या प्रयोगशाळेत थोडे महिने येशील का, असं विचारलं आहे. त्यासाठी एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेचं देवाणघेवाण अनुदान बघतेय. भारत २०१६ पासून एम्बोचा सहयोगी सदस्य असल्याने आपल्याला तिथे अर्ज करता येतो, हेही मला तिथेच कळलं.

परतल्यावर बोर्डिंग पाससकट हिशेब दिला. पैसे साडेचार महिन्यांनी आले. आले त्याच दिवशी मॅडमना द्यायला गेले, तर त्यांनी घेतले नाहीत. त्या शब्दाला पक्क्या होत्या.

त्या बासष्ट हजारांतून आम्ही भिशी सुरू केली. प्रबंधाला बसलेले आम्ही नऊ जण, फेलोशिप चालू असलेला प्रत्येक जण महिना पाचशे टाकतो, आणि ज्याचं मंजूर होऊनही आलेलं नाही त्याला त्यातून महिना आठ हजार मिळतात, बिनव्याजी. थकबाकी जमा झाली की परत करायचे. वही माझ्याकडे असते. तिच्या मागच्या पानांवर मेकर आणि चेकरची नावं, अर्जांचे महिने, कोणाचं काय अडलंय ते लिहिलेलं आहे. सध्या तीतून घेणारा एकच आहे, तोरणमाळकडचा पावरा समाजातला मुलगा, आदिवासी मंत्रालयाची फेलोशिप लागलेला. त्याचा जात वैधतेचा कागद तपासणीत होता, तो मागच्या आठवड्यात मिळाला. उद्या सोमवार, सकाळी अकराला आम्ही दोघं नानांकडे जाणार आहोत.